हॉवर्ड ह्यूज समजून घ्यायचा तर सुरुवात कुठून करावी? पुस्तके आणि चित्रपट सुचवा

पानगळ (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी चरित्र-कट्टा भरतो आणि त्यात सभासदांपैकी एकाने एका व्यक्तीविषयी पाऊण तास बोलायचे असते. पुढच्या महिन्यात पाळी माझी आहे. विचारल्याबरोबर मी अमेरिकन धनाढ्य हॉवर्ड ह्यूज याचे नाव देऊन मोकळी झाले, कारण मार्टिन स्कोर्सेसी यांचा त्याच्यावरचा २००४ सालचा 'द एव्हिएटर' मी दोनदा पाहिला होता आणि तेवढ्या शिदोरीवर पाऊण तास निघून जाईल असा माझा समज होता. तयारीला बसल्यावर तो समज गळून पडला. चित्रपट १९४७ सालाशी थांबतो. ह्यूज त्यानंतर आणखी एकोणतीस वर्षे जगला, आणि लोक ज्या गोष्टींसाठी त्याचे नाव घेतात त्यांतल्या निम्म्या त्याच एकोणतीस वर्षांतल्या आहेत.

अडचण अशी की जिथे पाहावे तिथे निराळाच माणूस भेटतो. कुठे तो विक्रम मोडणारा वैमानिक असतो, कुठे सेन्सॉरशी भांडणारा निर्माता, कुठे लास वेगासमधली हॉटेले पाठोपाठ विकत घेणारा धनाढ्य, तर कुठे नखे वाढवून अंधाऱ्या खोलीत बसलेला म्हातारा. हे सगळे एकाच सुतात ओवणारे एखादे पुस्तक आहे का, आणि चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत, एवढे सांगावे. श्रोते बहुतेक निवृत्त आहेत, बँकेतले, शाळेतले, आणि दोघे अभियंते. हे दोघे पहिल्या पाच मिनिटांत 'पण मुळात पैसा आला कुठून?' असे विचारणार याची मला खात्री आहे. हाताशी तीन आठवडे आहेत.

तिसरी घंटा

पानगळताई, चित्रपटांपुरते मी सांगतो. ह्यूजवर काढलेले चित्रपट नंतर पाहा. आधी ह्यूजने काढलेले पाहा. 'हेल्स एंजल्स' (१९३०) आणि 'स्कारफेस' (१९३२) हे दोन पाहिल्याशिवाय त्याच्याविषयी बोलायला उभे राहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

'हेल्स एंजल्स'चे काम १९२७ साली सुरू झाले तेव्हा ह्यूज बावीस वर्षांचाही नव्हता. पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकांची ही गोष्ट. त्यासाठी त्याने खरीखुरी लढाऊ विमाने जमवली, दिग्दर्शक बदलले आणि शेवटी दिग्दर्शन स्वतःकडेच घेतले. निरभ्र आकाशात उडणारी विमाने पडद्यावर स्थिर दिसतात, मागे ढग असल्याखेरीज वेग जाणवत नाही, हे त्याच्या ध्यानात आले आणि मग हवे तसे ढग मिळेपर्यंत सगळा ताफा खोळंबून राहू लागला. पुढे तर ढगांच्या शोधात तो उत्तरेकडे ओकलंडला हलवला गेला. एवढे होऊन मूकपट पुरा होत आला, तोच बोलपट आले. दुसऱ्या एखाद्या निर्मात्याने नशिबाला बोल लावून आहे तेच प्रदर्शित केले असते. ह्यूजने विमानांची दृश्ये ठेवली आणि माणसांची दृश्ये नव्याने, संवादांसह घेतली; नायिका ग्रेटा निसेन हिचे उच्चार नॉर्वेजियन असल्यामुळे तिच्या जागी जीन हार्लो ही जवळजवळ अनोळखी मुलगी आली आणि त्या एका भूमिकेने प्रसिद्ध झाली. खर्च चाळीस लाख डॉलरच्या घरात गेला. चित्रीकरणात किमान तीन माणसे मेली, आणि व्यावसायिक वैमानिक जे धोक्याचे वळण घ्यायला तयार नव्हते ते स्वतः घ्यायला गेलेला ह्यूज विमानासकट कोसळून जबर जखमी झाला. चित्रपट म्हणून जमिनीवरची दृश्ये आज कंटाळवाणी वाटतात, हे प्रामाणिकपणे सांगतो. ती पुढे सरकवली तरी चालेल. हवेतली मात्र डोळे न हलवता पाहा, कारण तिथे संगणक नाही आणि मागचा ढग खरा आहे.

'स्कारफेस' हॉवर्ड हॉक्स यांनी दिग्दर्शित केला आणि तो निःसंशय अधिक चांगला चित्रपट आहे. ह्यूजचे नाव असलेला चांगला चित्रपट हवा असेल, तर जिथे दिग्दर्शक दुसरा आणि ह्यूजकडे फक्त पैसा व सेन्सॉरशी भांडण एवढेच होते तिथे शोधावा. ताईंना दाखला हवा असेल तर 'द आउटलॉ' आहेच: १९४१ साली तयार, १९४३ साली एका शहरात दाखवला, सर्वत्र लागायला १९४६ उजाडले, आणि चर्चा झाली ती फक्त नायिका जेन रसेलच्या पोशाखाच्या गळ्याची.

ह्यूजवरच्या चित्रपटांपैकी 'द एव्हिएटर' तुम्ही पाहिलाच आहे. त्याच्या जोडीला जोनाथन डेमी यांचा 'मेल्विन अँड हॉवर्ड' (१९८०) जरूर पाहा. त्यात ह्यूज जेमतेम काही मिनिटे दिसतो, पण त्याच्या संपत्तीकडे आशाळभूतपणे पाहणारा सामान्य माणूस कसा असतो हे त्यात दिसते.

रिगवरची रात्रपाळी

चित्रपटांविषयी मला काही कळत नाही, परंतु तुमच्या दोन अभियंत्यांच्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ शकतो, कारण माझी उमेदीची वर्षे समुद्रातल्या तेलविहिरींवर गेली आणि ह्यूज हे नाव मी प्रथम कोणत्याही पुस्तकात नव्हे, तर पोलादावर कोरलेले वाचले.

पैसा आला तो बिटमधून. विहीर खोदताना नळ्यांच्या माळेच्या अगदी टोकाला जो दातेरी तुकडा फिरत असतो, तो बिट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टेक्सासमध्ये जो बिट वापरत तो माशाच्या शेपटीसारखा चपटा असे आणि तो जमीन खरवडत खाली जाई. मऊ मातीत हे चालते. कठीण खडक लागला की पाते बोथट होते आणि खाली तेल आहे हे ठाऊक असूनही विहीर सोडून द्यावी लागते. ह्यूजच्या वडिलांनी, त्यांचे नावही हॉवर्डच, १९०९ साली दोन शंकूंच्या बिटचे पेटंट घेतले. दोन दातेरी शंकू, टोके आतल्या बाजूला, आणि बिट फिरला की हे शंकूही आपापल्या आसांवर गरगरतात. त्यामुळे खडक खरवडला जात नाही, तर दाताखाली सापडून भरडला जातो. टेक्सासमधल्या गूस क्रीक इथे पहिल्या चाचणीत या बिटने अकरा तासांत चौदा फूट खडक कापला. त्याच जागी आधीच्या अवजारांनी हात टेकले होते.

खरी मेख पुढे आहे. थोरल्या ह्यूजने बिट विकला नाही, भाड्याने दिला. झिजला की बिट परत यायचा, कारखान्यात दुरुस्त व्हायचा आणि पुन्हा भाड्यावर जायचा. म्हणजे जगात कुठेही, कोणीही, कोणाच्याही पैशाने खडकात विहीर खोदो, ह्यूस्टनच्या कारखान्याला त्याचा हिस्सा पोहोचणार, आणि विहिरीला तेल लागो अथवा न लागो. १९३३ साली कंपनीच्या अभियंत्यांनी तीन शंकूंचा बिट आणला आणि त्याच्या पेटंटने १९५१ पर्यंत प्रतिस्पर्ध्यांना दाराबाहेर ठेवले. ज्यांनी रिगवर, म्हणजे विहीर खोदणाऱ्या यंत्रणेवर, काम केले आहे त्यांना या बिटचे मोल वेगळे सांगायला नको. बिट झिजला की नळ्यांची सगळी माळ वर काढायची, बिट बदलायचा आणि माळ पुन्हा खाली सोडायची. याला आम्ही ट्रिप म्हणतो आणि खोल विहिरीत त्यात अख्खी पाळी जाते. एखाद्या रात्री बेअरिंग जाम होऊन शंकूच तुटून विहिरीत पडला, तर तो बाहेर काढायच्या कामाला फिशिंग म्हणतात आणि मग कोणाच्याच तोंडाला चव उरत नाही. चार-दोन तास जास्त टिकणाऱ्या बिटला माणूस मागेल तेवढे भाडे देतो ते यामुळे.

आई १९२२ साली गेली, वडील जानेवारी १९२४ मध्ये. अठरा वर्षांच्या मुलाकडे कंपनीचा पाऊण हिस्सा आला. उरलेला त्याने नातेवाइकांकडून विकत घेतला आणि न्यायालयाकडून वयाच्या एकोणिसाव्या वर्षी स्वतःला सज्ञान ठरवून घेतले. त्यानंतर तो कारखान्याच्या कारभारात फारसा फिरकलाच नाही. १९२५ साली नोआ डीट्रिच नावाचा हिशेबनीस नेमला आणि पुढची बत्तीस वर्षे त्याने गाडा ओढला. पाऊण तासात तुम्ही काहीही सांगा, ताई, पण बिट आधी सांगा. चित्रपट, विमाने, हॉटेले हे सगळे या भाड्यावर झाले आहे.

पानगळ

मनापासून आभार. भाड्याची गोष्ट मला अजिबात ठाऊक नव्हती आणि आता बाकीचे वाचताना सारखी तीच आठवते आहे. एक शंका: मग विमानांच्या व्यवसायात तरी त्याने स्वतः कमावले की तिथेही बिटचेच पैसे उडवले?

धावपट्टी

दोन्ही, आणि बऱ्याचदा एकाच वर्षात. विमानांच्या बाबतीत त्याला हौशी श्रीमंत म्हणून मोडीत काढू नये, ही माझी विनंती आहे. एच-१ हे त्याचे शर्यतीचे विमान १९३५ साली तयार झाले तेव्हा रिव्हेटची डोकी पत्र्याशी सपाट घासलेली, चाके पोटात मिटणारी, अंगावर वाऱ्याला अडेल असे काही नाही अशी त्याची घडण होती. १३ सप्टेंबर १९३५ रोजी कॅलिफोर्नियात सांता आना इथे त्याने ताशी ५६७ किलोमीटरचा वेग नोंदवला. फेऱ्यांच्या नादात इंधन संपले आणि विमान त्याने शेजारच्या बीटाच्या शेतात उतरवले. १९३७ साली याच विमानाचे पंख बदलून लॉस एंजेलिसहून नेवार्कला तो साडेसात तासांच्या आत पोहोचला, आणि जुलै १९३८ मध्ये चार सहकाऱ्यांसह लॉकहीड विमानातून पृथ्वीप्रदक्षिणा केली ती सुमारे ९१ तासांत. एच-१ आज वॉशिंग्टनच्या हवाई संग्रहालयाच्या मालकीचे आहे. अमेरिकेत कोणी नातलग असतील आणि ते बघायला जाणार असतील, तर पत्र्यावरून हात फिरवल्यासारखी नजर फिरवून या म्हणावे.

आपल्याशी जोडणारा एक धागाही इथेच आहे. १९३९ साली टीडब्ल्यूए या विमान कंपनीचे भाग घेतल्यावर ह्यूजने आणि तिच्या अध्यक्षांनी लॉकहीडकडे लांब पल्ल्याच्या मोठ्या प्रवासी विमानाची मागणी नोंदवली. टीडब्ल्यूएकडे तेवढा पैसा नव्हता, म्हणून चाळीस विमानांची ऑर्डर ह्यूजच्या बिट बनवणाऱ्या कंपनीने दिली, आणि प्रतिस्पर्ध्यांना सुगावा लागू नये म्हणून सगळे गुपचूप. त्या विमानाचे नाव कॉन्स्टेलेशन. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले, ते याच घराण्यातले विमान होते. तुमच्या श्रोत्यांपैकी कोणी त्या तीन शेपट्यांच्या विमानातून प्रवास केलेला असणे अगदीच अशक्य नाही. विचारून पाहा, गप्पा रंगतील.

आता ह्यूजच्या लाकडी विमानाविषयी. 'स्प्रूस गूस' हे नाव वृत्तपत्रांनी चिकटवले आणि ह्यूजला ते मनस्वी नावडे. विमान स्प्रूसचे नव्हतेच, बहुतांश बर्चचे होते. १९४२ साली जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवत होत्या, ॲल्युमिनियमची टंचाई होती, म्हणून सैनिक आणि रणसामग्री समुद्रावरून उडवत न्यायची अशी ती कल्पना होती. पंखांचा पसारा सुमारे ९८ मीटर, इंजिने आठ, प्रत्येक तीन हजार अश्वशक्तीचे. युद्ध संपले तरी विमान पुरे झाले नाही. ऑगस्ट १९४७ मध्ये सिनेटच्या समितीपुढे सिनेटर ब्रूस्टर यांनी त्याला सरकारी पैशाचा हिशेब विचारला, तेव्हा त्याने उलट ब्रूस्टर यांच्यावरच टीडब्ल्यूएच्या प्रतिस्पर्धी कंपनीची तळी उचलल्याचा आरोप केला, आणि हे विमान फसले तर देश सोडून जाईन असेही सांगितले. २ नोव्हेंबरला लाँग बीचच्या बंदरात फक्त पाण्यावरच्या धावेची चाचणी असताना त्याने ते उचलले: उंची सुमारे २१ मीटर, अंतर दीड किलोमीटरहून थोडे अधिक, वेळ २६ सेकंद. पुन्हा ते कधीही उडाले नाही. मात्र त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षे, खास बांधलेल्या हँगरमध्ये उडण्याच्या स्थितीत सांभाळून ठेवले होते. सध्या ते ओरेगनमधल्या मॅकमिनव्हिल इथल्या संग्रहालयात आहे.

कमाईचे म्हणाल तर त्याच्या ह्यूज एअरक्राफ्ट या कंपनीने खरा पैसा विमानांत नव्हे, इलेक्ट्रॉनिक्समध्ये मिळवला: रडार, क्षेपणास्त्रे, पुढे उपग्रह. १९६० साली पहिला चालता लेसर थिओडोर मेमन यांनी मालिबूतल्या ह्यूजच्याच प्रयोगशाळेत दाखवला. मालक त्या काळात जवळपास अदृश्य होता, आणि कदाचित म्हणूनच कामे वेळेवर होत होती.

उलटतपासणी

पुस्तकाचा प्रश्न मागे पडतो आहे म्हणून लिहितो. एकच घ्यायचे तर डोनाल्ड बार्लेट आणि जेम्स स्टील या दोन शोधपत्रकारांचे 'एम्पायर' (१९७९) घ्या. ते जाड आहे, परंतु न्यायालयीन कागदांवर उभे आहे आणि ह्यूजच्या बाबतीत ही गोष्ट लाखमोलाची आहे, कारण त्याच्याविषयी ऐकीव गोष्टींचा डोंगर आहे आणि पुष्कळ चरित्रकार त्यात बिनधास्त भर घालतात. दुसरे, मायकेल ड्रॉस्निन यांचे 'सिटिझन ह्यूज' (१९८५). १९७४ साली हॉलिवूडमधल्या रोमेन स्ट्रीटवरच्या त्याच्या मुख्यालयात चोरी होऊन कागदपत्रे गेली. हे पुस्तक त्या कागदांवर बेतले आहे. त्याच्या हस्ताक्षरातल्या सूचना त्यात वाचायला मिळतात. डीट्रिचच्या आठवणीही १९७२ साली पुस्तकरूपाने आल्या. वाचायला अतिशय खुमासदार, पण बत्तीस वर्षे नोकरी करून बिनसल्यावर बाहेर पडलेल्या माणसाची ती साक्ष आहे, एवढे लक्षात ठेवून वाचा.

मला तुमच्या भाषणात एक प्रकरण हवे आहे, आणि ते चित्रपटात नाही. १९६१ साली टीडब्ल्यूएने आपल्याच बहुसंख्य भागधारकावर, म्हणजे ह्यूजवर, खटला भरला. जेट विमानांच्या खरेदीत त्याने इतकी धरसोड केली होती की कर्ज देणाऱ्यांनी त्याचे मताधिकार विश्वस्तांकडे सोपवायला लावले आणि नव्या व्यवस्थापनाने त्याला कोर्टात खेचले. बचाव करायचा तर जबानीसाठी समोर येऊन बसणे भाग होते. तो आला नाही. समन्स बजावणारे शोधत फिरले, वकिलांच्या फौजा लढल्या, पण माणूस काही एका खोलीत चार अनोळखी लोकांसमोर बसायला तयार झाला नाही. १९६३ साली निकाल केवळ गैरहजेरीमुळे विरोधात गेला आणि पुढे भरपाईची रक्कम साडेचौदा कोटी डॉलरच्या आसपास ठरली. गंमत पाहा: १९६६ साली त्याने टीडब्ल्यूएचे सगळे भाग एका दमात विकले ते ऐन तेजीत, आणि त्याला ५४ कोटी ६५ लाख डॉलर मिळाले, १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो भरपाईचा निकालही रद्द केला. हटून बसलेल्या माणसाला एवढे मोठे बक्षीस मिळाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वकिलीत मला भेटलेले नाही.

लास वेगास हे या रकमेचेच पुढचे पान. कॅलिफोर्नियाचा कर टाळण्यासाठी तो नोव्हेंबर १९६६ मध्ये रेल्वेने नेवाडात आला आणि डेझर्ट इन हॉटेलच्या वरच्या दोन मजल्यांवर उतरला. मालकांना नव्या वर्षाला मोठ्या जुगाऱ्यांसाठी त्या खोल्या हव्या होत्या. त्याने हॉटेलच विकत घेतले. पाठोपाठ सँड्स, फ्रंटियर, कास्टवेज, लँडमार्क. रात्री चित्रपट लवकर संपतात म्हणून स्थानिक दूरचित्रवाणी केंद्रही घेतले. हा सगळा व्यवहार रॉबर्ट माहू नावाचा गृहस्थ पाहत होता आणि चार वर्षांत त्याची व मालकाची समोरासमोर एकदाही भेट झाली नाही. सगळे फोनवर आणि पिवळ्या कागदांवर.

ओसरी

मी बराच वेळ लिहावे की नाही या विचारात होते. माझ्या सख्ख्या भावाला अनेक वर्षे मंत्रचळाचा आजार आहे, ज्याला आता सगळेच ओसीडी म्हणतात, आणि त्यामुळे ह्यूजचे नाव निघाले की जो हशा पिकतो तो मला सहन होत नाही. पानगळताई, तुम्ही हा भाग सांगालच, तेव्हा एक कागद मात्र संपूर्ण वाचा: फळांचा डबा कसा उघडावा याविषयी त्याने आपल्या सेवकांसाठी लिहवून घेतलेली सूचना. तिचे नऊ टप्पे आहेत. टेबल तयार करणे, डबा आणणे, डबा धुणे, पुसणे, हात धुणे, उघडणे, फळे काढणे, डब्याजवळ असताना कसे वागावे, आणि शेवट. डबा धुताना वरच्या कडेखाली दोन इंचांपासून सुरुवात करायची, ब्रशने घासायचे, वेष्टन भिजवून पूर्ण उतरवायचे, असे सगळे त्यात आहे. श्रोते पहिल्या दोन टप्प्यांना हसतील. पाचव्यापर्यंत कोणी हसत नाही, कारण प्रत्येक पायरीमागे एक भीती आहे आणि ती घालवण्यासाठी लिहिलेल्या नियमातून पुढची भीती निघते, हे ऐकणाऱ्याला जाणवू लागते. आमच्या घरी दाराच्या कडीसाठी असेच नियम होते. फक्त ते कोणी टंकलिखित केले नव्हते.

७ जुलै १९४६ चा अपघातही सोडू नका. एक्सएफ-११ या टेहळणी विमानाच्या पहिल्याच उड्डाणात प्रोपेलरमध्ये बिघाड होऊन तो बेव्हर्ली हिल्समधल्या घरांवर कोसळला. फुप्फुस, बरगड्या, भाजणे. वाचला हेच नवल. वेदनेसाठी आधी मॉर्फिन आणि मग कोडीन सुरू झाले आणि ते कधी सुटले नाही. ५ एप्रिल १९७६ रोजी अकापुल्कोहून ह्यूस्टनला नेताना विमानातच तो गेला तेव्हा सहा फुटांहून उंच असलेल्या या माणसाचे वजन ४२ किलोच्या आसपास होते, दंडांत इंजेक्शनच्या तुटलेल्या सुया होत्या, आणि ओळख पटवायला बोटांचे ठसे घ्यावे लागले. भोवती चोवीस तास माणसे होती. त्यांचा पगार त्याच्या मर्जीवर होता आणि कोणीही डॉक्टरांचे ऐकायला त्याला भाग पाडले नाही. गरीब घरात हा माणूस असता तर कोणीतरी त्याला ओढून दवाखान्यात नेला असता, असे मला नेहमी वाटते.

तिसरी घंटा

ओसरीताईंचे म्हणणे पूर्ण पटले. एक भर: त्याच्या सेवकांप्रमाणेच त्याने करारात बांधून ठेवलेल्या तरुण अभिनेत्रींचाही विचार व्हावा. राहायला घर, दिमतीला गाडी, पाळतीला माणूस, आणि चित्रपट मात्र नाही, असे त्यांतल्या कितीतरी जणींचे झाले. कॅरिना लाँगवर्थ यांचे 'सिडक्शन' (२०१८) हे पुस्तक त्यांच्या बाजूने लिहिले आहे. आरकेओ स्टुडिओ त्याने १९४८ साली घेतला आणि १९५५ साली विकला तेव्हा हिशेबाच्या वहीत नफाच दिसला असेल. स्टुडिओ म्हणून मात्र तो खिळखिळा झाला होता. 'जेट पायलट' १९४९ साली सुरू झाला आणि १९५७ साली पडद्यावर आला, तोवर त्यातली विमाने जुनी झाली होती.

रिगवरची रात्रपाळी

समुद्रातली एक गोष्ट राहिली. १९७४ साली 'ग्लोमार एक्स्प्लोरर' नावाचे जहाज पॅसिफिकच्या तळाचे मँगनीजचे गोळे काढायला निघाल्याचे जाहीर झाले. प्रत्यक्षात सीआयए या अमेरिकन गुप्तचर संस्थेला सुमारे पाच किलोमीटर खोल बुडालेली सोव्हिएत पाणबुडी उचलायची होती आणि त्यासाठी ह्यूजचे नाव फक्त उसने घेतले होते. नाव का निवडले? हा माणूस समुद्राच्या तळाशी पैसे टाकतो म्हटले तर कोणालाही आश्चर्य वाटणार नव्हते. विक्षिप्तपणाची एवढी पत बाजारात दुसऱ्या कोणाची नसावी.

आणि बिट समजावायला मक्याची दोन कणसे न्या. देठे कापा, टोके समोरासमोर तिरकी धरा, दाणे म्हणजे दात. ओल्या वाळूच्या ताटात फिरवून दाखवा. शेजारी खुरपे ठेवा.

पानगळ

काल संध्याकाळी स्वयंपाकघरात ताटभर वाळू घेऊन प्रयोग करून पाहिला. खुरप्याने रेघ उठते. कणसे फिरली की वाळू दाण्यांच्या रांगांतून बाहेर फेकली जाते. माझ्या दोन अभियंत्यांसाठी हे पुरेसे आहे.

बोलण्याचा आराखडा असा ठरवला आहे. सुरुवात ताटापासून, मग 'हेल्स एंजल्स'मधले ढग, त्यानंतर टीडब्ल्यूएच्या खटल्यात न आलेली जबानी, आणि डब्याच्या नऊ सूचना कोणतीही मल्लिनाथी न करता वाचून दाखवायच्या. मृत्युपत्राचा घोळ सोडून देणार होते, पण 'एम्पायर' चाळताना वैद्यकीय संशोधन संस्थेचा भाग सापडला आणि तो घेतेच आहे. १९५३ साली त्याने ही संस्था काढली ती करांच्या सोयीसाठी, असे त्या वेळी अनेकांना वाटत होते. ह्यूज एअरक्राफ्टची मालकी तिच्याकडे दिली आणि विश्वस्त म्हणून एकटा स्वतः राहिला. वैध मृत्युपत्र ठेवले नाही, त्यामुळे नवे विश्वस्त नेमायला न्यायालयाला १९८४ साल उजाडले, आणि दुसऱ्याच वर्षी त्यांनी ह्यूज एअरक्राफ्ट जनरल मोटर्सला पाच अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकली. जंतूंना आयुष्यभर भ्यालेल्या माणसाच्या नावाने आज जगातल्या मोठ्या खाजगी जैववैद्यकीय संशोधन संस्थांपैकी एक चालते.

शेवटी लाकडी विमानाची चित्रफीत दाखवावी म्हणते. प्रोजेक्टरवाल्या काकांनी 'किती मिनिटांची आहे?' असे विचारले, तेव्हा मी उड्डाण २६ सेकंदांचे असल्याचे सांगितले. ते म्हणाले, तेवढ्यासाठी पडदा लावायला दहा मिनिटे लागतील.